एक मेपर्यंत एक किलो

१५ फेब्रुवारी १९९८, रविवार. सकाळ.

आजपासून रोज लिहायचं. रोज म्हणजे रोज. ही वही कुणी वाचायची नाही. शुभांगीने तर नाहीच. पुढे लोक विचारतील, काकासाहेब, हे तुम्हाला जमलं कसं, तेव्हा आपल्याला आठवायला पाहिजे, एवढ्यासाठीच.

परिस्थिती अशी. विहिरीशेजारी आपलं तळं. त्यात गेल्या पावसाळ्यात सोडलेले रोहू, कटला आणि मृगळ. आता ते अर्ध्या किलोच्या आसपास. आसपास म्हणजे जरा खालीच. दुसरी परिस्थिती, शुभांगीला संगमनेरच्या एका शाळेत बाई म्हणून घेतायत, जूनपासून. येणार की नाही ते एक मेपर्यंत कळवायचंय.

काल आईसमोर बसून ठरलं. एक मेपर्यंत तळ्यातून एक किलोचा मासा निघाला तर शुभांगी शाळेला 'येत नाही' म्हणून कळवणार आणि इथेच राहणार. नाही निघाला तर आम्ही दोघं संगमनेरला. मी तिच्या भावाच्या, म्हणजे आबासाहेबांच्या डेअरीत दुधाची फॅट लावायला, म्हणजे मशीनवर मोजायला. मी! बी.ए. राज्यशास्त्र. शिवाय मत्स्यपालनाचं तीन दिवसांचं ट्रेनिंग. आणि लोकांच्या किटलीतल्या दुधाची फॅट लावू?

शुभांगी लगेच हो म्हणाली. इतक्या लगेच हो म्हणाली ते जरा खटकलं. असो. तिला आत्मविश्वास आहे, फक्त तो चुकीच्या बाजूला आहे.

ट्रेनिंगमध्ये सगळं शिकवलं. तळं कसं खोदायचं, बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, कशी सोडायची, खाद्य किती. दुसऱ्या दिवशी दुपारी 'पाण्यातली हवा' असा एक तास होता. पाण्यात हवा कसली डोंबलाची! त्या तासाला मी आणि कर्जतचा एकजण चहाला गेलो. चहा चांगला होता.

१६ फेब्रुवारी.

काही नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळ.

कारभारीबरोबर घोडेगावच्या बाजारात गेलो. कारभारी आमचा बांधशेजारी. त्याला म्हैस बघायची होती. बाजारातल्या एकूण एक म्हशीच्या तोंडात हात घालून त्याने दात बघितले आणि एकही घेतली नाही. मी कंटाळून कासऱ्या-घुंगरमाळांच्या पालांकडे गेलो, तर तिथे एकजण पावडरी विकत बसलेला. गाईची, कोंबडीची आणि माशाची.

माशाची म्हणजे प्रोबायोटिक. आंध्रातले कोळंबीवाले वापरतात म्हणे. त्यात जिवंत जंतू असतात. चांगले जंतू. ते माशाच्या पोटात जाऊन बसतात, वाईट जंतूंना बूड टेकायला जागा ठेवत नाहीत, आणि खाल्लेलं अंगी लावतात. मासा आजारी पडत नाही आणि वाढतो झपाट्याने. मी हेच शोधत होतो. डबे घेतले. डब्यावरचं सगळं तेलुगूत आहे, म्हणजे माल ओरिजिनल.

येताना टेम्पोत कारभारीला हे समजावून सांगितलं. तो म्हणाला, आमी जंतू मारायला डाक्टरकडं जातो आन् तू जंतू इकत आनलंस व्हय? मी म्हटलं, हे चांगले आहेत. तो म्हणाला, मंग आमच्या घरनं न्यायचं, लई हायेत, चांगलं का वंगाळ त्ये काय इचारलं न्हाई कधी. टेम्पोतले सगळे हसले. हसू देत. एक मे काही लांब नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार.

पहिला डोस दिला. पद्धत माझी स्वतःची. शेंगपेंड आणि भाताचा कोंडा मोठ्या भगुण्यात चुलीवर ठेवायचा, त्यात गुळाचा खडा. आपण म्हशीला आंबोण करतो तसंच. आईची शिकवण आहे, कच्ची पेंड घातली की जनावर फुगतं, आंबोण नेहमी शिजवून. मासा झाला तरी पोट ते पोटच. रटरट उकळी फुटली की पावडर टाकायची आणि दणकून ढवळायची, म्हणजे सगळीकडे सारखी लागते.

पावडरवाला नुसतं पेंडीत मिसळा म्हणाला होता. शिजवायची आयडिया माझी. शुभांगीने विचारलं, डब्यावर काय लिहिलंय? मी म्हटलं, तेलुगू आहे. ती म्हणाली, कुणाकडून तरी वाचून घ्या ना. मिसळायला भाषा कशाला लागते? शाळेत जाणाऱ्या माणसांचं हे असंच, छापलेलं दिसलं की वाचायचं.

आंबोण निवलं की आई टोपलीने तळ्यात टाकते. आई माळकरी, मासा खाणं सोडाच, पण या माशांना ती लेकरं म्हणते. पुढे लेकरांचं काय होणार ते मी तिला सांगितलेलं नाही आणि तिने विचारलेलं नाही. घरात शांतता आहे.

८ मार्च, रविवार.

रिझल्ट!

पाटील पकडला. पाटील म्हणजे आपला सगळ्यात मोठा कटला. नाव आईने ठेवलं. खायला टाकलं की हा पुढे आणि बाकीचे सगळे याच्यामागे, म्हणून. शेपटीचा एक कोपरा तुटलाय, त्यामुळे ओळखू येतो. पिशवीत घालून काट्याला लावला. पावणेसातशे ग्रॅम. पिशवी ओली होती, पण ओल्या पिशवीला असं कितीसं वजन असतं.

शुभांगी म्हणाली, दुसरेही तोला की. मी म्हटलं, याला सॅम्पल म्हणतात. ती म्हणाली, सॅम्पल म्हणजे हाताला येईल तो, तुम्ही तर ठरवून त्यालाच धरता. आता पाटीलच दर वेळी कडेला येऊन उभा राहतो त्याला मी काय करू?

संकल्प: उद्यापासून पहाटे उठून तळ्यावर जायचं. निरीक्षण महत्त्वाचं.

९ मार्च.

डास फार. झोप झाली नाही. उद्यापासून.

१८ मार्च, बुधवार. पहाट.

आज उठलो.

सगळं तळं वर आलंय. जिकडं बघावं तिकडं तोंडं. पाण्याच्या वर, उघडी. मिटतायत, उघडतायत. पुक पुक आवाज येतोय. आधी असं कधी नव्हतं. म्हणजे आधी मी कधी पहाटे आलो नव्हतो, पण नसणारच. याला म्हणतात भूक. जंतूंनी पोटात संसार थाटला.

आंबोण दीडपट केलं. टाकलेलं लगेच खाल्लं नाही, बरंचसं खाली बसलं. खातील सावकाश. ऊन वर आलं तशी तोंडं खाली गेली. एक गोष्ट गमतीची. आई सकाळी मोटर लावून पाइपाखालच्या दगडावर गोधड्या धुते, ते पाणी वरून तळ्यात पडतं. तिथे मासे नुसते खेटून उभे. एवढं तळं सोडून एका धारेखाली गर्दी. माणसांसारखंच.

२७ मार्च, शुक्रवार.

पाडवा तोंडावर आणि घरात श्रीखंडाचा पत्ता नाही. चक्का टांगायला दही पाहिजे, आणि दहीच लागलं नाही. भगुण्यात नुसतं पांचट पाणी आणि तळाशी चोथा. काल संध्याकाळी मी शुभांगीला आंबोण ढवळायला बोलावलं होतं. त्या घाईत तिने चुलीवरून उतरवलेल्या दुधात तसंच विरजण घातलं.

मला राग आला. लपवून ठेवत नाही. मी चांगलं सुनावलं. म्हटलं, उकळत्या दुधात विरजण घातलं की ते मरतं, दूध आधी कोमट व्हावं लागतं, एवढं तर चुलीशी बसणाऱ्या पोरीला कळतं. आणि तुला शाळेत पोरं शिकवायचीत! आई मला म्हणाली, तुझ्याच आंबोणापायी झालं की रे. आईचं नेहमीच असं. सून म्हटली की पाघळली.

शेवटी साखर घालून पोळ्या खाल्ल्या. मन लागत नव्हतं, म्हणून आजच्या आंबोणाला उकळी जरा जास्तच दिली. पाटील आठशेला आलाय. म्हणजे जवळजवळ.

५ एप्रिल, रविवार.

पाण्याचा रंग बदललाय. हिरवा, वर साय आल्यासारखा. वासही येतो. शुभांगी नाकाला पदर लावून जाते. मला विचाराल तर हा जंतूंच्या कामाचा वास आहे. इडलीचं पीठ आंबलं की वास येतोच ना.

पण धोका दिसला. आई रोज मोटर लावते, ताजं पाणी पडतं आणि माझे जंतू पातळ होतात. शिवाय साबण. आईला सांगितलं, आजपासून तळ्यावर धुणं बंद, पाइपाचं तोंड शेताकडे. ती म्हणाली, आरं, मासं जमत्यात रं हितं, पानी पडल्यालं आवडतं त्यांना. मी म्हटलं, आवडीनिवडीचा प्रश्न नाही, हे शास्त्र आहे. तिने गोधड्यांचं बोचकं उचललं आणि पाटावर धुवायला गेली. जाताना माझ्याकडे बघितलं नाही.

आता तळं शांत आहे. पाणी हलत नाही. छान.

१२ एप्रिल, रविवार.

ऊन मी म्हणतंय. पाणी एक पायरी खाली गेलं. पहाटे वर आलेले मासे आता दिवस चांगला वर येईपर्यंत खाली जात नाहीत.

कारभारी बांधावर उभा राहून बराच वेळ बघत होता. म्हणाला, काकासायब, ही गुदमारल्यात का रं? मी म्हटलं, भूक आहे ती. तो म्हणाला, भुकेलं जनावर खायला धावतं, त्वांड वासून हुबं ऱ्हात न्हाई. माझ्या बैलानं आसं त्वांड वासलं आसतं तर म्या डाक्टर आनला आसता. त्याला काय कळतं? एक म्हैस त्याला घेता येत नाही.

तरी आंबोण दुप्पट केलं. एकदा पोट भरलं की वर यायचे थांबतील.

१३ एप्रिल.

थांबले नाहीत.

१५ एप्रिल, बुधवार.

शुभांगी तीन दिवस मागे लागली होती, ट्रेनिंगच्या सरांना फोन करा. केला. घोडेगावला बूथवर जाऊन. सर चांगले आहेत, ओळखलं. म्हणाले, कटला किती झाला? मी म्हटलं, साडेआठशे. खूश झाले. मग त्यांनी विचारलं, पहाटे मासे वर येतात का?

मी नाही म्हणालो.

का म्हणालो? कारण त्यांचा गैरसमज झाला असता. फोनवर सगळं कुठे समजावत बसणार. उगाच विषय वाढवायचा नाही. बाहेर येऊन रसवंतीत उसाचा रस घेतला. अर्धा ग्लास तसाच ठेवला, उसात काहीतरी होतं.

घरी शुभांगीने विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, खूश झाले. हे खरंच आहे.

२० एप्रिल, सोमवार.

आज जेवताना शुभांगी स्पष्ट बोलली. म्हणाली, मला जायचंय. मनापासून जायचंय. डी.एड.ला दोन वर्षं सायकल हाणली ती चुलीपुढे बसायला नाही. पण शब्द दिलाय, तुमचा मासा किलोचा झाला तर मी राहीन आणि पुन्हा विषय काढणार नाही. फक्त तुम्ही स्वतःला फसवू नका. आई ताटात बघत होती. मी भाकरी मोडत होतो, ती मोडेना.

मी कुणाला फसवत नाही. पाटील नऊशेला आहे. आज पिशवी पिळून घेतली होती.

एक गोष्ट इथेच लिहितो. ती संगमनेरला गेली आणि मी इथे राहिलो, तर? असं ठरलेलं नाही, ठरलंय ते दोघांनी जायचं. पण तिथे गेल्यावर मी कोण? शुभांगीबाईंचे मिस्टर. आबासाहेबांचे दाजी. इथे निदान तळं माझं आहे. मला भीती वाटत नाही. नुसते हात गार पडतात, एवढ्या उन्हात.

२६ एप्रिल, रविवार.

पाटील नऊशे चाळीस. साठ ग्रॅमचा प्रश्न. साठ ग्रॅम म्हणजे एक लिंबू!

आबासाहेबांचा निरोप आला. एक मेला येतायत, डेअरीचा काटा घेऊन. त्यांना माझ्या काट्यावर भरवसा नाही. येऊ द्या. पावडरचे दोन डबे उरलेत, दोन्ही एकदम घालायचे. आंबोण तिप्पट. आता मागेपुढे बघायचं नाही.

२७ एप्रिल.

खात नाहीत. टाकलेलं तसंच तरंगतंय. पचवतायत.

२८ एप्रिल, मंगळवार. संध्याकाळ.

दुपारपासून आभाळ आलंय. पाऊस नाही, नुसतं आभाळ. वारा पूर्ण पडलाय. लिंबाचं पान हलत नाही. अंगाला चिकटा आलाय.

मासे आत्ता, संध्याकाळीच, वर आलेत. असं पहिल्यांदाच. पाटीलही कडेला आलाय, पण मी हात घातला तरी हलला नाही. त्याचं तोंड उघडं. मी विचारलं, काय रे? माशाला विचारून काय उपयोग.

आई म्हणाली, काका, मोटर लाव, पायीप सोड वरनं. मी म्हटलं, बघू. मग उठलो आणि गेलोच लावायला. लाईट नव्हती.

शुभांगी तळ्याच्या कडेला बसून आहे. मी म्हटलं, आत ये, काही होत नाही. ती उठली नाही. मला तिच्याशेजारी जाऊन बसावंसं वाटतंय. पण बसलो तर मीही घाबरलोय असं दिसेल.

२९ एप्रिल, बुधवार. दुपार.

क्रमाने लिहितो.

पहाटे आईने हाक मारली, ऊठ, तळं बघ. बघितलं. बरेच आडवे झाले होते. पांढरी पोटं. बाकीचे तोंड वर करून, पण आता पुक पुक आवाजसुद्धा नाही. लाईट आलेली नव्हती. मी घरात पळत गेलो आणि पावडरचा शेवटचा डबा आणला, त्यात तळाशी थोडी होती. म्हटलं, सरळ पाण्यातच टाकतो. शुभांगीने डबा माझ्या हातातून घेतला आणि बांधावर ठेवला. मग पदर खोचून पाण्यात उतरली, कमरेएवढ्या, आणि बादलीने पाणी वर उडवायला लागली.

आई काठावरून म्हणत होती, पानी पडंल तितं जमत हुती गं लेकरं, पायपाखाली जमत हुती. शुभांगी बादली भरायची, डोक्याच्या वर न्यायची आणि उपडी करायची. पुन्हा भरायची. पाणी पडेल तिथे थोडे थोडे मासे सरकत यायचे. कारभारी घमेलं घेऊन धावत आला आणि चप्पल घालूनच उतरला. मग मीही उतरलो. खालचा गाळ मऊ लागला पायाला, आंबूस वासाचा. माझं सगळं आंबोण खाली तसंच होतं.

मध्ये मी शुभांगीला म्हटलं, हे मेले तर तुला जाता येईल की. तू कशाला? ती म्हणाली, अहो, जीव आहेत ते, पाणी उडवा तुम्ही.

लाईट आली तेव्हा ऊन पडलं होतं. मोटर लावली, पाइप आईच्या दगडावरून तळ्यात सोडला. धारेखाली पाचपन्नास जगले. बाकी तळं पांढरं.

पाटील कडेलाच सापडला, रोज जिथे हाताला यायचा तिथेच. मी त्याला काट्याला लावला. का लावला माहीत नाही, हाताला सवय होती. एक किलो चाळीस ग्रॅम. पुन्हा लावला. तेवढंच.

कारभारी म्हणाला, जितलास की, काकासायब. चेष्टेने म्हणाला नाही तो. शुभांगी बांधावर बसून पदर पिळत होती. तिने काट्याकडे बघितलं. म्हणाली, एक मे अजून व्हायचाय, आणि किलो भरलाय. मी शाळेला 'येत नाही' म्हणून कळवते.

म्हणजे मी जिंकलो. दोन दिवस आधी.

३० एप्रिल, गुरुवार.

लिंबाच्या बुडाशी मोठा खड्डा घेतला. कारभारी आणि मी. आई कालपासून जेवली नाही. कारभारीची बायको म्हणाली, माशाचं काय सुतक धरता मालनबाई, तर आई म्हणाली, रोज घास टाकलाय त्यांला.

शुभांगी सकाळपासून नीट बोलते, वाढते, हसतेसुद्धा. शब्द पाळणार असं दिसतंय. हे बघवत नाही. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

दुपारी ती कागद घेऊन शाळेला लिहायला बसली. मी पाणी प्यायच्या निमित्ताने गेलो. म्हटलं, पाटलाचं पोट फुगलं होतं. ती म्हणाली, हो. मी म्हटलं, पाण्याचं वजन होतं ते. ती म्हणाली, हो, मला दिसलं होतं. मी म्हटलं, मग येते म्हणून कळव.

ती रडायला लागली. मला वाटलं, आनंदाने. ती म्हणाली, पाटलासाठी रडतेय. मग मलाही रडू आलं. हे वाक्य खोडावं का? राहू दे. कोण वाचतंय.

१ मे, शुक्रवार.

आबासाहेब काटा घेऊन आले, तोलायला काही नव्हतं. त्यांनी एका शब्दाने विषय काढला नाही. म्हणाले, दाजी, जूनपासून या, मशीन नवीन आलंय. भला माणूस आहे. हे मला आधीच माहीत होतं, फक्त लिहिलं नव्हतं.

एकूण विचार केला. दोष हवामानाचा. आभाळ आलं, वारा पडला, लाईट गेली, तीन गोष्टी एकदम. माणूस काय करणार? पाचपन्नास जगले ते मात्र पावडरीमुळेच. पोटात चांगले जंतू होते म्हणून तग धरला. पद्धत बरोबर होती.

६ जुलै १९९८, सोमवार. संगमनेर.

बऱ्याच दिवसांनी वही उघडली. खोली लहान आहे पण हवेशीर. आई आली नाही. तिचा दगड आणि तिचे उरलेले मासे. कारभारीचा निरोप होता, म्हातारी रोज पाइपाखाली धुणं धुते, मासे झकास आहेत.

डेअरीत माझा जम बसला. फॅट लावायच्या पद्धतीत दोन-तीन सुधारणा सुचवल्या. आबासाहेब म्हणाले, दाजी, तुम्ही नुसती फॅट लावा. सध्या नुसती लावतोय. खोलीमागे एक रिकामा हौद आहे. घरमालकाकडे अजून विषय काढलेला नाही.

शुभांगी शाळेतून येते ती दमून, खडूने हात पांढरे, पण चेहरा असा की गावाकडे कधी बघितला नव्हता. पोरांच्या गोष्टी सांगत सुटते. म्हणून संध्याकाळचं दूध आता माझ्याकडे. तापवायचं आणि विरजण लावायचं. डेअरीतल्या माणसाला हे काय अवघड.

आज दूध उतू जाता जाता वाचवलं. खाली उतरवलं. विरजणाची वाटी हातात घेतली. शुभांगी आतून म्हणाली, अहो, लगेच घालू नका हं, बोट बुडवून बघा आधी. मी म्हटलं, मला शिकवतेस? पाडव्याला कुणी सांगितलं होतं तुला, की उकळत्यात घातलं की...

बोट बुडवलं. पोळलं.

वाटीतलं विरजण बघत उभा राहिलो. चमचाभर, पांढरं. मग ते मोठं भगुणं डोळ्यांसमोर आलं. रटरट. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत, रोज. दणकून ढवळायचो. दही बिघडलं त्या दिवशी तर उकळी जास्तच दिली होती. डब्यावर तेलुगूत काय लिहिलं होतं ते मला आज न वाचता कळलं.

शुभांगीने पुन्हा विचारलं, लावलं का विरजण?

मी म्हटलं, थांब, अजून गरम आहे.